जाळीच्या कपाटातला केक

१

बुधवारी सकाळी अर्थालीन ब्रॉडनॅक्सने जाळीच्या कपाटाच्या वरच्या फळीवरून फडक्यातलं गाठोडं काढलं, जेवणाच्या टेबलावर ठेवून गाठ सोडली, आणि आतून केक निघाला.

आम्ही दोघं त्या केककडे बघत राहिलो. लांबट, जड, लोण्याने पिवळाधमक झालेला पाउंड केक. कडेने वाळायला लागला होता.

"गस," अर्थालीन म्हणाली, "मला दिसतंय तेच तुलाही दिसतंय ना?"

"केक आहे."

"क्लोटीलचा केक आहे, ते मलाही कळतं. माझं रजिस्टर कुठे आहे?"

ती खुर्चीत बसली. अठ्ठ्याहत्तर वर्षांची ही बाई चार दिवसांपूर्वी सख्ख्या बहिणीला माती देऊन आली होती, तेव्हाही ताठ उभी होती. आता मात्र तिचा हात टेबलाची कड चाचपत होता.

त्या रजिस्टरात काय होतं ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. आमचं गाव पेलम्स फेरी, जॉर्जियात, नदीकाठचं. जुनी घरं बघायला लांबून लोक येतात, ब्रॉडनॅक्स हाऊसच्या सात खोल्यांत उतरतात, गोधड्यांवर झोपतात, सकाळी क्लोटीलच्या हातची मक्याची पेज आणि सॉसेज खातात, व्हरांड्याचे फोटो काढतात आणि जातात. पण अर्थालीनच्या आजीने घराला पाटी लावली ती १९३१ साली, तेव्हा काळ्या माणसाला गावातल्या एकाही हॉटेलात खोली मिळत नव्हती. शिक्षक, धर्मोपदेशक, रेल्वेतले हमाल, गाणारे, बेसबॉल खेळणारे, सगळे रात्रीच्या निवाऱ्याला इथेच येत. आलेल्या प्रत्येकाने रजिस्टरात नाव, गाव आणि मनात येईल ती एक ओळ लिहायची, असा आजीचा नियम होता. १९६४ साली कायदा बदलला, सगळी हॉटेलं काळ्यांनाही खुली झाली, आणि त्या वर्षी रजिस्टरचं शेवटचं पान भरलं.

आता नदीवरचा पूल रुंद होणार होता. पुलाला जोडणारा रस्ता एक तर डावीकडून, म्हणजे ब्रॉडनॅक्स हाऊसवरून जाणार होता, नाही तर उजवीकडून, म्हणजे समोरच्या कॅलोवेंच्या मासळीच्या खानावळीवरून. घर ऐतिहासिक वास्तूंच्या यादीत गेलं तर त्याला कुणी हात लावू शकत नव्हतं. त्यासाठी राज्याच्या समितीच्या मिसेस टॉलिव्हर शुक्रवारी सकाळी दहा वाजता पुरावा बघायला येणार होत्या. समितीला कागद लागतो. माझ्यासारख्या पंचाहत्तरीच्या म्हाताऱ्याच्या आठवणी चालत नाहीत. मी फोन करून विचारलं होतं.

कागद एकच होता, आणि त्याच्या जागी केक होता.

"रजिस्टर नेतो आणि केक ठेवून जातो," अर्थालीन म्हणाली. "असला कसला चोर, गस?"

मी अर्थालीनचा जुना मित्र, आणि याच गावात अडतीस वर्षं तिसरीच्या मुलांना शिकवलं. उत्तर सापडत नसेल तर प्रश्न पुन्हा एकदा सावकाश वाचायचा, हे मी पोरांना इतक्या वेळा सांगितलंय की आता स्वतःलाही आपोआप सांगतो. मी फडक्याकडे पुन्हा बघितलं. पिठाच्या पोत्याचं धुवट कापड, काठाला निळी रेघ. केकभोवती नीट बसलेलं.

"घरात कोण कोण आहे?" मी विचारलं.

"क्लोटील, टेरेल, आणि तो मिनेसोटाचा पोरगा."

"एकेकाला पाठव. आणि त्या केकला कुणी हात लावू देऊ नकोस."

"त्याला कोण हात लावतंय," ती म्हणाली. "दगड झालाय त्याचा."

२

पहिला आला एरिक लिंडक्विस्ट. हा उत्तरेकडच्या विद्यापीठातला तरुण, जुन्या उतारूघरांवर पुस्तक लिहीत होता, दोन आठवड्यांपासून वरच्या खोलीत राहत होता. मोठा सभ्य मुलगा. अंत्यविधीच्या दिवशी न सांगता खुर्च्या उचलू लागला होता. त्याचा दोष एवढाच, की चहात साखर नको म्हणायचा, आणि क्लोटीलला तो अपमान वाटायचा.

"रजिस्टर मी रविवारी संध्याकाळी पाहिलं," तो म्हणाला. "हातमोजे घालून. पाहिलं आणि परत ठेवलं."

"कुठे?"

"कपाटात."

"कपाटाला दोन फळ्या आहेत, बाळा."

त्याने कपाटाकडे बघितलं. "वरच्या फळीवर लोकांची भांडी रचलेली होती. म्हणून खाली ठेवलं. तिथेही काही गाठोडी होती, त्यांच्या शेजारी."

"ते पुस्तक तुला तुमच्या विद्यापीठात हवं होतं, असं अर्थालीन म्हणते."

त्याचे कान लाल झाले. "हो. मी दोनदा मागितलं. सर, ते स्वयंपाकघराला लागून असलेल्या कपाटात असतं! लोणच्यांच्या बरण्यांशेजारी! आमच्याकडे त्याच्यासाठी थंड खोली आहे. पण मिस ब्रॉडनॅक्स नाही म्हणाल्या, तिथे विषय संपला."

दुसरा टेरेल, अर्थालीनच्या मेलेल्या बहिणीचा, रुथीनाचा मुलगा. वय पन्नास, अटलांटात नोकरी. मावशीने हे घर सोडून आपल्याकडे यावं म्हणून तो वर्षभर तिच्या मागे लागला होता, आणि ते सगळ्या गावाला माहीत होतं. गावाला माहीत आहे हे त्यालाही माहीत होतं.

"तुमच्या मनात काय आहे ते मला कळतंय, सर," खुर्ची ओढत तो म्हणाला. "मला हे घर नकोय. छप्पर गळतं, जिना करकरतो, आणि मावशी त्या जिन्यावरून एक दिवस पडणार आहे. पण आईला पुरून चार दिवस झालेत. मी मावशीच्या पाठीमागे तिचं घर पाडायला निघेन, असं वाटतं तुम्हाला?"

"मला अजून काहीच वाटत नाही. सोमवारी भांडी तू पोचवलीस ना?"

"मीच पोचवली. बारीकसारीक होती ती चर्चच्या बायकांनी नेली. मोठी पाच राहिली होती, ती मी गाडीतून दिली."

आमच्याकडे कुणाच्या घरी मयत झाली की त्या घरात आठवडाभर चूल पेटवावी लागत नाही. शेजारीपाजारी, चर्चमधले, भांडणातलेसुद्धा, भरलेलं भांडं घेऊन येतात. भांड्याच्या बुडाला चिकटपट्टी, पट्टीवर नाव. मग दुःखातून जरा वर आलं की घरच्यांनी भांडी घासून ज्याची त्याला पोचवायची. आणि पोचवताना आत काहीतरी घालायचं. चार अंजिरं असोत, आमच्याकडच्या अक्रोडासारखे मूठभर पेकान असोत, पण भांडं रिकामं जाऊ द्यायचं नाही.

"आत काय घातलंस?"

"क्लोटीलने केक बांधून ठेवले होते खालच्या फळीवर. एकेका भांड्यात एकेक गाठोडं. सोडून बघायला वेळ कुणाला होता? एक जरी भांडं रिकामं गेलं असतं तर क्लोटीलने मला सोललं असतं."

तिसरी क्लोटील. तीस वर्षं या घराचा स्वयंपाक तिच्याकडे आहे, आणि गेली वीस वर्षं ती मला प्रोफेसर म्हणून चिडवते.

"या प्रोफेसर, घ्या माझी परीक्षा," पदराला हात पुसावेत तसे एप्रनला पुसत ती म्हणाली. "पण आधी सांगते, शिळा केक लोकांसमोर ठेवणारी बाई मी नाही. तो तिथे कुणी ठेवला ते शोधा आधी."

"केक किती केले होतेस?"

"पाच. मोठी भांडी पाच, केक पाच."

"आणि कपाट कधी आवरलंस?"

"मंगळवारी. वरची भांडी गेली होती, म्हणून फळ्या पुसून घेतल्या. खालच्या फळीवर एक गाठोडं उरलं होतं. आता केक तर पाचही गेले होते, मग उरलं ते रजिस्टरच. उचललं आणि नेहमीच्या जागी वर ठेवून दिलं." बोलता बोलता तिचा आवाज हळू होत गेला. "प्रोफेसर…"

"रजिस्टर कशात गुंडाळलेलं असतं, क्लोटील?"

तिने टेबलावरच्या फडक्याकडे बघितलं. काठाची निळी रेघ बघितली.

"माझ्याच फडक्यात," ती म्हणाली. "अरे देवा. वजनालाही तेवढंच."

म्हणजे चोर घरात शिरलाच नव्हता. लिंडक्विस्टने रजिस्टर केकच्या रांगेत ठेवलं, टेरेलने केक समजून ते भांड्यात घातलं, क्लोटीलने उरलेला केक रजिस्टर समजून वर ठेवला. तिघंही चांगलंच वागायचं म्हणून वागले होते. अर्थालीन हे ऐकून पहिल्यांदा हसली, मग रडली, मग पुन्हा हसली. टेरेल फोन घेऊन बसला.

पास्टरच्या घरी केक मिळाला होता, आणि संपलाही होता. मिस ओनीटाकडे केक मिळाला होता, जायफळ यंदा जास्त पडलंय असा निरोप होता. क्लोटीलने तो ऐकून घेतला. औषधांच्या दुकानवाल्यांकडे केक. न्हाव्याकडे केक.

टेरेलने फोन खाली ठेवला आणि तो आमच्याकडे बघायला लागला.

"पाचवं भांडं कुणाचं?" मी विचारलं.

"ज्यात डुकराचं हॅम आलं होतं ते मोठं पातेलं," तो म्हणाला. "व्हिट कॅलोवेचं."

सगळ्यांच्या माना रस्त्याकडे वळल्या. खिडकीतून समोरची खानावळ दिसत होती. रस्ता आमच्यावरून गेला नाही तर तिच्यावरून जाणार होता.

३

दुपारी मी रस्ता ओलांडला. एकटाच गेलो.

व्हिट कॅलोवेला मी तिसरीत शिकवलंय. १९७० साली काळ्यांची आणि गोऱ्यांची शाळा एक झाली, तेव्हाच्या माझ्या पहिल्या वर्गात तो होता. दात पडलेला, शर्टाची बटणं वरखाली लावलेला. काळ्या मास्तरांच्या वर्गात बसायला घाबरणाऱ्या पाचसहा पोरांपैकी एक. दुसऱ्या आठवड्यात त्याची भीती गेली, आणि त्यानंतर त्याचं तोंड बंद ठेवणं हे माझं मुख्य काम झालं.

आता तो चोपन्न वर्षांचा होता. आजोबांची खानावळ चालवत होता. मक्याच्या पिठात घोळून तळलेला कॅटफिश तसा तीन जिल्ह्यांत मिळत नाही.

"सर! बसा, बसा. नेहमीचं आणू?"

मासा आला, मक्याची गोल भजी आली, गोड थंड चहा आला. मी जेवलो. जेवल्याशिवाय विचारणं बरं दिसलं नसतं.

"व्हिट, सोमवारी टेरेलने तुझं पातेलं आणून दिलं ना?"

"दिलं की. सोमवारी आमचं बंद असतं, म्हणून मागच्या पायरीवर ठेवून गेला. संध्याकाळी आत घेतलं मी."

"आत काय होतं?"

तो गल्ला पुसत होता. "काही नाही, सर. रिकामं होतं."

"रिकामं?"

"रिकामं. जाऊ द्या हो, त्यात काय. घरात मयत झालीय, कुणाला सुधरतंय एवढं. मिस अर्थालीन कशा आहेत?"

"ठीक आहेत," मी म्हणालो. "शुक्रवारी समितीच्या बाई येतायत."

"ऐकलंय." तो फडकं पिळायला आत गेला.

निघताना मी मागच्या बाजूने गेलो. मागची पायरी उघड्यावर आहे, नदीकाठच्या पायवाटेला लागून. सोमवारी दुपारभर ते पातेलं तिथे पडून होतं. वाटेने जाणाऱ्या कुणालाही झाकण उचलता आलं असतं.

अर्थालीनच्या घरी परतलो तेव्हा लिंडक्विस्ट व्हरांड्यात लिहीत बसला होता. मी सहज विचारलं, "सोमवारी दुपारी कुठे होतास, बाळा?"

"नदीकाठी फिरायला गेलो होतो," तो म्हणाला. "का?"

४

गुरुवारी सकाळी आम्ही सगळे स्वयंपाकघरात बसलो. व्हिट काय म्हणाला ते मी जसंच्या तसं सांगितलं.

"रिकामं?" टेरेल उभाच राहिला. "मी रिकामं भांडं नेऊन ठेवलं म्हणतो?"

"या घरातून तीस वर्षांत रिकामं भांडं गेलं नाही!" क्लोटीलने हातातली पळी खाली ठेवली नाही. "मी जाते आणि विचारते त्याला. पळी घेऊनच जाते."

लिंडक्विस्ट गोंधळला होता. "पण एवढं काय त्यात? रिकामं तर रिकामं. भांडं तर मिळालं ना त्यांना?"

तिघांनी त्याच्याकडे असं बघितलं की तो बिचारा पेज ढवळायला लागला.

अर्थालीन मात्र शांत होती. "व्हिट तसं म्हणाला?" तिने विचारलं. "आणि तीन दिवस झाले, मला विचारायला आला नाही?"

मला जे रात्री अंथरुणात सापडलं होतं ते हिने बसल्या जागी एका वाक्यात सांगून टाकलं. तरी मी पायरीपायरीने मांडलं, कारण तशी सवय आहे, आणि कारण आरोप करायचा तर तो पायरीपायरीनेच करावा.

"रजिस्टर या घरातून पातेल्यात गेलं, एवढं नक्की," मी म्हणालो. "पुढे तीन शक्यता. पहिली, टेरेलने वाटेत ते काढून घेतलं."

"सर!"

"ऐक. तू काढून घेतलं असतंस, तर पातेल्यात दुसरं काहीतरी घातलं असतंस. गाडीत बसल्या बसल्या खिशातलं च्युइंगम घातलं असतंस, पण रिकामं ठेवलं नसतंस. तू रुथीनाचा मुलगा आहेस. शिवाय रिकामं पातेलं बघून व्हिट ओरडला असता, आणि संशय तुझ्यावरच आला असता."

टेरेल खाली बसला.

"दुसरी शक्यता, पायरीवरून कुणीतरी उचललं. आपल्या पाहुण्याला रिकाम्या भांड्याचा अर्थ माहीत नाही, हे आत्ताच आपण पाहिलं, आणि तो त्याच वाटेने फिरत होता."

लिंडक्विस्टचा चमचा थांबला.

"पण मग व्हिटला खरोखरच रिकामं पातेलं मिळालं असतं. आणि तिथेच ही गोष्ट जुळत नाही. व्हिट तिसरीत होता तेव्हा एकदा डबा विसरला, म्हणून मी त्याला माझा दिला. दुसऱ्या दिवशी त्याने डबा परत आणला. घासलेला, आणि आत एक पेकान. एकच. मी म्हटलं, हे काय रे? तर म्हणतो, आईने सांगितलं, रिकामा दिलास तर सरांना वाटेल तू त्यांच्यावर रागावलास. अशा बाईच्या मुलाला, रस्त्यावरून दोन घरांत आधीच ताण असताना, या घरातून रिकामं पातेलं आलं असतं तर काय झालं असतं? सोमवारी संध्याकाळी तो टोपी हातात घेऊन या दारात उभा असता. मिस अर्थालीन, माझं काय चुकलं, असं विचारत. त्याऐवजी तो मला म्हणतो, जाऊ द्या हो, त्यात काय."

"त्याला राग आला नाही," अर्थालीन म्हणाली, "कारण पातेलं रिकामं नव्हतं."

"मी शेरीफला फोन करतो," टेरेल म्हणाला.

"उद्या दहापर्यंत वेळ आहे," मी म्हणालो. "आधी मी जातो. मुलगा माझ्या वर्गातला आहे."

५

तीन वाजता खानावळीत कुणी नसतं. दुपारचे उठलेले असतात, संध्याकाळचे यायचे असतात. व्हिट कोपऱ्यातल्या टेबलावर बसला होता. मला बघून उठला नाही.

मी समोर बसलो. "व्हिट, तुला माझा डबा आठवतो? निळा, पत्र्याचा."

त्याने टेबलावरची मिठाची बाटली सरळ केली. मग म्हणाला, "आईने सगळ्यात मोठा पेकान शोधून दिला होता. पिशवी उलटी करून."

"मला वाटलंच. चांगला मोठा होता."

तो उठून आत गेला आणि गाठोडं घेऊन आला. निळ्या रेघेचं फडकं नीट घडी केलेलं होतं, रजिस्टर त्याच्यावर.

"मी चोरलं नाही, सर. झाकण उघडलं तर आत होतं."

"माहीत आहे."

"परत द्यायलाच निघालो होतो. दारापर्यंत गेलो, सर, देवाशप्पथ. मग समोर घर दिसलं, आणि वाटलं, काहीच केलं नाही तर? नुसतं काहीच केलं नाही, तर आजोबांची खानावळ वाचते. माझ्याकडे अकरा माणसं कामाला आहेत. मुलगी पुढे हेच चालवणार म्हणते." त्याने तोंडावरून हात फिरवला. "आणि तुम्ही विचारलंत तेव्हा तोंडातून गेलं, रिकामं होतं म्हणून. केक होता म्हणालो असतो तर सापडलोच नसतो."

"कदाचित," मी म्हणालो. "पण केक मोजलेले होते."

तो थोडासा हसला. मग त्याने रजिस्टर उघडलं. पानात खूण म्हणून खानावळीचा कागदी रुमाल घातला होता.

"तीन दिवस वाचतोय हे. हे तुम्ही आहात ना?"

मी चष्मा लावला. जून १९४८. वरच्या ओळीत माझ्या वडिलांचं वळणदार अक्षर: नाव, गाव, आणि 'बिछाना स्वच्छ, माणसं चांगली.' त्याच्या खाली पेन्सिलीने, ओळ सोडून वर चढत गेलेलं: ऑगस्टस प्रॅदर, वय सात. मासा चांगला होता. खिडकी उंच होती.

मी ते लिहिलं होतं हे मला आठवत होतं. काय लिहिलं होतं ते आठवत नव्हतं.

"कुठली खिडकी, सर?"

"तुला माहीत आहे कुठली."

"मोठ्या फ्रीजच्या मागची," तो म्हणाला. "मी लहान होतो तेव्हाच फळ्या ठोकून बंद केलेली. मी आजोबांना विचारलं होतं, ते म्हणाले कोळसा टाकायची होती."

"खानावळीत आत बसून खायला आम्हाला परवानगी नव्हती. मागे जायचं, खिडकीवर टकटक करायची, कागदात बांधून द्यायचे. वडिलांनी मला उचललं होतं, आत दिसावं म्हणून. मला पंखा बघायचा होता, छताचा."

"तुम्ही चाळीस वर्षं इथे जेवताय. कधी बोलला नाहीत."

"तू कधी विचारलं नाहीस. आणि मासा खरंच चांगला असतो."

त्याने मान खाली घातली. मी उठलो.

"रजिस्टर नेता ना?" तो म्हणाला.

मी विचार केला. हात पुढे केला असता तर त्याने लगेच दिलं असतं. पण मुलाच्या हातातलं गणित हिसकावून आपणच सोडवलं, तर उत्तर बरोबर येतं आणि मुलगा तिथेच राहतो.

"ते फडकं क्लोटीलचं आहे," मी म्हणालो. "ते परत द्यायचं असतं. कसं द्यायचं ते तुला शिकवलेलं आहे."

रस्ता ओलांडून मी मोकळ्या हातांनी अर्थालीनच्या घरी आलो, तेव्हा क्लोटीलने मला जे काही ऐकवलं ते मी इथे लिहीत नाही. टेरेलने फोन उचलला. अर्थालीनने तो त्याच्या हातातून घेतला आणि खाली ठेवला.

"गसला मुलं कळतात," ती म्हणाली. पण रात्रभर तिच्या खोलीतला दिवा चालू होता.

६

शुक्रवारी मिसेस टॉलिव्हर दहाला पाच मिनिटं कमी असताना आल्या. बारीक बाई, मोठी पिशवी. क्लोटीलने त्यांना गरम बिस्किटं आणि अंजिराचा मुरंबा वाढला. त्यांनी घराची तारीफ केली, व्हरांड्याची केली, जिन्याची केली. मग त्यांनी बोटं पुसली आणि म्हणाल्या, "आता ते रजिस्टर बघू या का?"

घड्याळात सव्वादहा झाले होते. अर्थालीन टेबलाच्या टोकाला बसली होती, हात मांडीत. तिने माझ्याकडे बघितलं नाही. त्याबद्दल मी तिचा आजन्म ऋणी आहे.

"मिसेस टॉलिव्हर," ती म्हणाली, "तुम्हाला एक गोष्ट सांगायला हवी…"

पुढच्या दाराची जाळी वाजली.

व्हिट आत आला. रविवारचा शर्ट, टोपी काखेत, दोन्ही हातांत गाठोडं. तो सरळ अर्थालीनसमोर येऊन उभा राहिला.

"फडकं परत करायला आलोय, मॅम," तो म्हणाला. "रिकामं आणलं नाही."

अर्थालीनने गाठ सोडली. रजिस्टर होतं. त्याच्यावर एक पेकान ठेवलेला होता.

"हे सोमवारपासून माझ्याकडे होतं," व्हिट समितीच्या बाईंना म्हणाला. "चुकून आलं, पण मी ठेवून घेतलं. समोरची खानावळ माझी आहे, तेव्हा का ठेवलं ते तुम्हाला कळेल."

अर्थालीनने तो पेकान उचलून एप्रनच्या खिशात टाकला. "बस, व्हिट," ती म्हणाली. "क्लोटील, ह्याला ताट दे."

"देते," क्लोटील म्हणाली. "पण रागाने देते."

मिसेस टॉलिव्हर दोन तास वाचत होत्या. लिंडक्विस्ट पानं उलटून देत होता, हातमोजे घालून. कुठे तरी मध्यावर त्या थांबल्या. त्यांनी ती पेन्सिलीची ओळ मोठ्याने वाचली, मग मागची पानं चाळली, पुढची चाळली. "ही खिडकी आणखीही येते," त्या म्हणाल्या. "'खिडकीवर पाऊस.' 'खिडकीवर आज नाही म्हणाले.' इथे कुठे होती ती? आहे अजून?"

 ते सांगायचं आमचं काम नव्हतं.

"आहे, मॅम," व्हिट म्हणाला. "माझ्याकडे. फ्रीजच्या मागे. पहाटे सरकवला तो मी आणि फळ्या काढल्या. बघायची असेल तर चला."

निकाल पुढे लागला. घर त्याच वर्षी यादीत गेलं. व्हिटची खिडकीवाली मागची भिंतही यादीत घ्यायची का, यावरून समितीत वर्षभर वाद चालला, आणि तोवर रस्ता अडून राहिला. शेवटी तो खालच्या अंगाने, जुन्या कापसाच्या शेडवरून न्यायचं ठरलं. क्लोटील आता प्रत्येक गाठोडं दोनदा सोडून बघते, आणि लिंडक्विस्ट चहात अर्धा चमचा साखर घेतो. पण मला आठवतो तो शुक्रवारच.

सगळे पुढच्या दाराने खानावळीत गेले. मी मागे गेलो. खिडकी उघडी होती, चौकट काळपट, कठडा हातांनी गुळगुळीत झालेला. आता ती माझ्या छातीपर्यंत येत होती. आत पंखा फिरत होता. तोच होता की नवा, सांगता येणार नाही.

व्हिट आतून खिडकीशी आला. आम्ही एकमेकांकडे बघितलं.

"पुढून या ना, सर," तो म्हणाला. "मासा टाकलाय तुमचा."

"येतो," मी म्हणालो. "जरा इथे उभा राहतो. आज दिसतंय सगळं."